मंजुषाची अधांतरी टाच

मी एक जुनी शिळा आहे मित्रांनो, कपडे धुण्याची. धारूरच्या डोंगरातल्या खाणीतून मला काढले तेव्हा मी नुसता बेढब काळा धोंडा होते. पाथरवटाने टाकीचे घाव घालून माझा वरचा भाग सपाट केला आणि पाणी साचू नये म्हणून पुढचा भाग उतरता ठेवला. मग बैलगाडीतून आणून मला या घराच्या मागच्या अंगणात, हौदाजवळच्या भिंतीला लागून बसवले. तेव्हापासून मी इथेच आहे.

माणसे एकमेकांना चेहऱ्यावरून ओळखतात. मी पायांवरून ओळखते. बायका माझ्या सपाट भागावर उकिडव्या बसत आणि उतारावर कपडे आपटत. केसरबाई नवी नवरी होऊन आल्या, तेव्हा त्यांची जोडवी माझ्यावर किणकिणत. तासन् तास बसल्या तरी त्यांच्या टाचा कधी उचलल्या जात नसत. मला याचे फार नवल वाटे. एवढासा घोटा, पण अख्खे शरीर त्यावर पुढे झुकते, मागे येते, आणि तो कुरकुरतही नाही! "केसरबाईची शिळा मळ काढती, कापड फाडत न्हाई," असे शेजारणी म्हणत. मला बरे वाटे.

पुढे घरात धुण्याचे यंत्र आले. माझ्यावर फुटकी बादली आली, जुन्या चपला आल्या, एका कडेला शेवाळ धरले. कितीतरी वर्षे कोणाचा उघडा पाय मला लागला नाही.

मग केसरबाईंची नात मंजुषा मोठी झाली. ती खो-खो खेळते. लहानपणी ती अंगणात सराव करी आणि दमली की माझ्यावर येऊन बसे. आता ती राज्याच्या संघात आहे आणि यंदा तिला देशाच्या संघाच्या शिबिराचे बोलावणे आले होते. खो-खोत पाठलाग करणारे खेळाडू आपापल्या चौकोनात उकिडवे बसतात आणि पाठीमागून 'खो' मिळताच तिथूनच उसळून धावतात. एके दिवशी ती माझ्यावर तशीच बसली, तेव्हा मला काहीतरी वेगळे जाणवले. डावे पाऊल पुरते टेकले होते. उजव्याचा फक्त चवडा होता, टाच अधांतरी.

असे का व्हावे? मी विचार करत राहिले. गेल्या साली तिचा उजवा पाय मुरगळला होता खरा. पण डॉक्टरकडे कोणी नेले नाही, त्याला कारण होते. मंजुषा पायाळू आहे, म्हणजे जन्मताना आधी तिचे पाय बाहेर आले. पायाळू माणसाचा पाय लागला की कमरेत भरलेली उसण जाते, असे आमच्याकडे मानतात. ज्या पायाने गाव बरे होते त्याला औषध कशाला, असे केसरबाईंचे म्हणणे. त्यांनी आंबेहळदीचा लेप लावला आणि पाय घट्ट बांधून ठेवला. दुखायचे थांबले, मंजुषा मैदानात गेली, आणि सगळे ते विसरले.

यंदा मात्र तिचा गुडघा दुखू लागला. तेव्हा राज्य संघाच्या फिजिओथेरपिस्ट मोहिनी मॅडम परळीहून घरी आल्या. त्यांनी गुडघा पाहिला आणि मग बराच वेळ घोटाच वाकवून पाहिला.

"बाई, दुखायलाय गुडघा, आन् तुमी घोटा कावून धरलाय?" केसरबाईंनी विचारले.

"आजी, बिजागरी गंजली की दार चौकटीला ओढतं. आपण चौकटीलाच खिळे ठोकत बसतो," मोहिनी मॅडम म्हणाल्या.

"पायाळू पोरगी हाय ती. तिच्या पायाला कशाचा गंज?"

"आजी, मी माझ्याच पायावर पाय कसा देऊ?" मंजुषा हसत म्हणाली.

मोहिनी मॅडमनी माझ्यावरची बादली बाजूला केली आणि मंजुषाला माझ्यावर भिंतीकडे तोंड करून उभे केले. "अंगठा भिंतीपासून चार बोटं लांब. टाच न उचलता गुडघा भिंतीला लाव." डावा गुडघा सहज लागला. उजवा निम्म्या वाटेवर अडला आणि टाच वर आली.

"घोटा पुढे वाकत नाही, म्हणून पाय दुसरीकडून वाट काढतो," त्या म्हणाल्या. "पाऊल आत कलतं, गुडघ्यावर ताण येतो. हा घोटा मोकळा करू, पण तोवर सामना नको. पुन्हा मुरगळला तर शिबिर गेलंच म्हणून समज."

आणि इथेच पेच पडला. मंजुषाचे काका अमरसिंह गावचे पुढारी. आमच्या दिंद्रुडच्या जत्रेत त्यांनी सामने ठरवले होते आणि चौकाचौकांत मंजुषाचा फोटो लावला होता. तिला पहिले बूट त्यांनीच घेतलेले, प्रत्येक स्पर्धेला तेच जीपमधून नेत आलेले. त्यांना नाही म्हणणे तिच्या जिवावर येई.

"घोटा दुखायलाय का?" त्यांनी विचारले.

"न्हाई."

"मंग?"

ती मान खाली घालून माझ्यावर बसून राहिली. खेळायचे तिने कबूल केले होते.

जत्रा तोंडावर आली. मंडपाचा खांब उचलताना अमरसिंहांच्या कमरेत उसण भरली. ते वाकडे होत थेट मागच्या अंगणात आले आणि माझ्या शेजारी फरशीवर पालथे झाले. "मंजे, पाय दे गं. लई कळ निघायली."

मंजुषाने भिंतीला हात लावला, उजवे पाऊल त्यांच्या कमरेवर ठेवले आणि पुढे झुकून भार दिला.

"पुरता टेकव की."

"टेकवलाय, काका."

"मंग टाच कावून लागत न्हाई? बोटंच रुतायलीत."

तिने पाय बदलला. डावे पाऊल टाचेसकट बसले.

"आत्ता कसं! हाच दे." मग ते थांबले. "पुन्यांदा उजवा ठेव बरं."

तिने ठेवला. टाच परत वर. केसरबाई हौदाच्या कडेला बसून पाहत होत्या.

"माय," ते पालथेच म्हणाले, "मला वाटलं त्या मॅडम उगं भ्या दाखवायल्यात."

"मलाबी तसंच वाटलं," केसरबाई म्हणाल्या.

उसण काही लगेच गेली नाही. पण जत्रेत मंजुषा खेळली नाही. "पायाळूच लंगडी झाली व्हय?" असे कोणीतरी ओरडले म्हणे. "लंगडी होऊ ने म्हणूनच घरी ठिवलीय बे," असे अमरसिंहांनी माइकवरून सांगितले.

त्यानंतर रोज सकाळी मंजुषा माझ्याकडे येई. केसरबाईंनी स्वतः माझे शेवाळ घासून काढले. उतारावर भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे, पोटऱ्या ताणायच्या. माझ्या कडेवर चवडे ठेवून टाचा हळूहळू खाली सोडायच्या. भिंतीला गुडघा लावायचा. एका पायावर तोल धरायचा. कळ आली की थांबायचे, जोर करायचा नाही, हे मोहिनी मॅडमनी बजावले होते. कित्येक दिवस काहीच बदलले नाही. मंजुषा चिडे, बूट फेकून देई. मग एका सकाळी गुडघा भिंतीला लागला आणि मला तिच्या उजव्या टाचेचे वजन कळले. मोहिनी मॅडमनी तपासून खेळायला परवानगी दिली आणि ती शिबिराला गेली.

परवा तिचा फोन आला. केसरबाई तो घेऊन मागच्या अंगणातच आल्या होत्या. सरावात दुसऱ्या एका मुलीच्या पायावर तिचा उजवा पाय पडला होता.

"मंग? काय झालं?" केसरबाईंनी विचारले.

"काय न्हाई आजी. पाय वाकला, सरळ झाला, मी पळत गेले."

केसरबाई खाली बसल्या. जिंकल्याची बातमी सगळ्या गावाला कळते, मित्रांनो. न झालेल्या दुखापतीची बातमी फक्त घरच्यांना कळते. दुखायचे थांबले म्हणजे पाय बरा झाला, असे समजू नका. एकदा उकिडवे बसून आपल्या टाचांकडे बघा, आणि एखादी वर राहिली तर घरच्यांना सांगा.

केसरबाईंनी पुन्हा विचारले, "खरंच काय न्हाई झालं?"

"खरंच काय न्हाई, आजी."

"मंग तेच पुन्यांदा सांग," त्या म्हणाल्या.