बारा हललेली छायाचित्रं

अर्विडने भिंतीला पाडलेल्या भोकातून रबरी नळी पलीकडे ढकलली.

"ओढ."

पलीकडे, कपडे धुण्याच्या खोलीत, लोरेनने नळी ओढून घेतली.

"आली. हिला तुझ्या या पंपालाच लावायची ना?"

"घट्ट लाव. हवा गळली तर कागद सुटेल."

"चव्वेचाळीस वर्षं तुझ्याशी संसार केला. आता नळी लावायला शिकव."

नळीचं दुसरं टोक त्याने फळीच्या बुडाला बसवलं. फळी त्याच्याच हातची होती. वर बारीक भोकं, आत पोकळ. पंपाने हवा ओढली की छायाचित्राचा भलामोठा कागदही तिच्यावर सपाट चिकटून बसे, कोपरा उचलायची बिशाद नसे. एकोणीस वर्षांपूर्वी लोरेनच्या छायाचित्रांच्या प्रदर्शनासाठी त्याने ती बनवली आणि त्याच महिन्यात बांधून ठेवली. आता डुलुथच्या ग्रंथालयाला बंदराची जुनी छायाचित्रं भिंतीएवढी मोठी करून हवी होती, म्हणून ती बाहेर निघाली. पूर्वी त्याच्या फोटोच्या दुकानात पंप फळीच्या टेबलाच्याच खालच्या कप्प्यात असे. इथे घराच्या तळघरात, चित्रं धुण्याच्या खोलीत, त्या कप्प्यात रसायनांचे डबे होते, म्हणून पंप भिंतीपलीकडे गेला.

ग्रंथालयाच्या निगेटिव्ह सोमवारी यायच्या होत्या. चाचणीला वाया जाणारीच बरी, म्हणून त्याने लोरेनची एक जुनी काढली. खनिज वाहणाऱ्या बोटीवरचा स्वयंपाकी कणीक मळतोय, भुवयांवर पीठ. ही हललेली आहे हे त्याला पाठ होतं. प्रदर्शनाच्या बाराही हललेल्या होत्या.

ते त्यानेच तिला सांगितलं होतं. "तुझे हात कापायला लागलेत. लहान प्रतीत झाकलं जातं, मोठीत उघडं पडतं." लोरेन तेव्हा एक्कावन्न वर्षांची होती, अर्धा उन्हाळा सरोवरावरच्या बोटींवर काढायची. तिने वाद घातला नाही. प्रदर्शन रद्द केलं आणि पुढच्या वसंतात कॅमेरा विकून टाकला. बायकोला खरं सांगायला धीर लागतो, असं अर्विडला तेव्हा वाटलं होतं. खरं सांगायचं तर त्याला स्वतःचं थोडं कौतुकच वाटलं होतं.

त्याने कागद फळीवर टाकला, पंप लावायला लोरेनला हाक दिली, प्रकाश दिला. मग कागद रसायनात सोडला. लाल दिव्याखाली स्वयंपाकी हळूहळू वर आला. भुवया आल्या, आणि भुवयांवरचं पीठ आलं, कण न् कण.

अर्विडने वाकून पाहिलं, हललेलं काहीच नव्हतं. मग पलीकडे गेला आणि पंप उचलून आणला. लोरेन टॉवेलांच्या घड्या घालत होती.

डबे काढून त्याने पंप पूर्वीसारखा टेबलाखालच्या कप्प्यात ठेवला आणि सुरू केला. एन्लार्जरचा, म्हणजे निगेटिव्हचं चित्र मोठं करून फळीवर पाडणाऱ्या यंत्राचा, दिवा लावून त्याने भिंग फळीवर टेकवलं. त्यात चित्राचा कण न् कण थरथरत होता. पंप बंद केला की स्थिर, चालू केला की पुन्हा थरथर. आवाजाचा वैताग नको म्हणून तो नेहमी पंप बंद ठेवूनच चित्र नीट जुळवून घेई आणि मग पंप लावी. चालू पंपावर भिंग टेकवायचं त्याला कधी सुचलंच नव्हतं. नाचता येईना अंगण वाकडं, असं लोक म्हणतात. इथे नाचणारी चांगली नाचत होती. अंगण वाकडं होतं, आणि ते अर्विडने बांधलेलं होतं.

गप्प बसला असता तर कुणाला कळलं नसतं. तेही त्याच्या मनात येऊन गेलं. मग ओला कागद तबकात घेऊन तो पलीकडे गेला.

"लोरेन, हे बघ."

तिने पाहिलं. "एर्लिंग. याच्या हातचा पाव काय असायचा."

"तुझा हात हलला नव्हता. माझा पंप टेबल हलवत होता. बाराच्या बारा मीच बिघडवली. चूक माझी होती, लोरेन."

"हात हलला नव्हता ते ठाऊक आहे मला."

"कसं?"

"त्याच आठवड्यात मी निगेटिव्ह भिंगाखाली धरली होती. पीठसुद्धा दिसत होतं."

"मग बोलली का नाहीस?"

तिने हातातली घडी पूर्ण केली.

"तू माझ्याशी कधी खोटं बोलला नव्हतास. म्हटलं, आज हा खोटं बोलतोय, म्हणजे माझं बोटींवर जाणं याला अगदीच सोसेनासं झालंय. तोंडाने सांगवत नाहीये. म्हणून राहिले घरी."

ती सरोवरावर असली की दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला अर्विड छाती फुगवून सांगायचा, आमची लोरेन सध्या बोटीवर आहे. गिऱ्हाईक कंटाळायचं.

"मला तसं कधीच वाटलं नाही," तो म्हणाला. "एक दिवसही नाही."

तबकातून पाण्याचे थेंब फरशीवर पडत होते, पण पुसायला कुणी वाकलं नाही.

"आणि मी तुला विचारलंसुद्धा नाही," लोरेन म्हणाली.