सरावाचा बाजार

हॉलच्या दारातच खुशनुमाला वांग्यांचा ढीग दिसला. वांगी प्लास्टिकची होती. हाताळून हाताळून त्यांचा जांभळा रंग उडाला होता आणि खालून मळकट पांढरं काहीतरी दिसत होतं. ढीग मात्र अम्मी घरी येऊन सांगायची तसाच रचलेला. शेजारी तराजू, वर हिरवं कापड आणि कापडावर पाटी : ‘पिंपरी मंडई’.

ताथवड्याच्या या इंजिनिअरिंग कॉलेजात पुनर्वसनाचं संशोधन चालत असे. आजारानं, अपघातानं घरात अडकलेल्या माणसांनी पुन्हा रोजच्या जगण्यात भाग घ्यावा, भाजी आणावी, टपरीवर चहा प्यावा, चार माणसांत मिसळावं, यासाठी एका हॉलमध्ये ही लुटुपुटीची मंडई उभी केलेली. विक्रेते म्हणजे कॉलेजची पोरं. खुशनुमाची आई झुलेखा, अर्धांगानं उजवी बाजू गेल्यावर, आठवड्यातून तीन दिवस इथं यायची. पिंपरी कॅम्पातल्या दुकानदारांना आयुष्यभर रडवलेली बाई ती. पहिल्या दिवशी घरी आल्यावर म्हणाली होती, “वांगं दाबून बघायची सोय नाही, आणि पोरगा मी मागीन त्या भावात देतो. याला काय बाजार म्हणायचं?”

तरी ती जायची. इथला सराव नीट झाला की खऱ्या मंडईत नेणार, असं प्रकल्पाच्या प्रमुख वर्षाली मॅडमनी कबूल केलं होतं. ते राहून गेलं. उन्हाळ्यात झुलेखाला लघवीच्या मार्गात संसर्ग झाला, तो मूत्रपिंडांपर्यंत गेला, आणि पालिकेच्या इस्पितळात आठवडाभर पडून ती गेली. अंगात पाणी फार कमी आहे, असं तिथले डॉक्टर पुन्हा पुन्हा म्हणत होते. खुशनुमाला त्याचा उलगडा झाला नव्हता. घरी अम्मीच्या उशाशी तांब्या कायम भरलेला असे.

आज प्रकल्पाचा समारोप होता. मंडईतल्या चहाच्या टपरीला झुलेखाचं नाव द्यायचं होतं आणि तिचा एक व्हिडिओ दाखवायचा होता. तो पुढं परिषदांमधून दाखवायला घरच्यांची परवानगी हवी होती. अब्बांनी, म्हणजे चांदभाईंनी, गॅरेजमधून मान वर न करताच सांगितलं होतं, “तू जा. मला त्या लोकांचं गोड बोलणं पचत नाही.” खुशनुमा हो म्हणायचं ठरवूनच आली होती. अम्मीचे फोटो घरात पुष्कळ होते, पण हलणारी, बोलणारी अम्मी कुठंच नव्हती. ती फक्त इथं होती, या लोकांच्या संगणकात.

“आलीस? किती बरं वाटलं!” वर्षाली मॅडमनी तिचे दोन्ही हात हातात घेतले. त्यांच्या तळव्यांना सॅनिटायझरचा गोडसर वास होता. “झुलेखाआपा म्हणजे आमची यशोगाथा. त्यांचा सहभाग किती वाढला होता, सांगू! तू दोन शब्द बोल. आणि परवानगीचं तेवढं आठवणीनं.”

‘यशोगाथा’ हा शब्द खुशनुमाच्या कानात मळासारखा बसला. ती शाळेत मराठी शिकवायची. असे शब्द मुलांच्या निबंधातून खोडायची तिला सवय होती. इथं ती नुसती हसली.

पहिल्या रांगेच्या कडेला चाकाच्या खुर्चीत मंजुळाबाई बसलेल्या. याच गावच्या. ट्रॅक्टरखाली दोन्ही पाय गेलेले. झुलेखाची आणि त्यांची याच हॉलमध्ये गट्टी जमली होती.

“ये गं बाय, बस,” त्या म्हणाल्या. “तुजी आई म्हनायची, मंजुळा, ह्या वांग्याचं भरीत केलं तर घरात टायर जळल्याचा वास सुटंल.”

खुशनुमाला खरंच हसू आलं. तेवढ्यात एक मुलगी पाण्याचे ग्लास घेऊन आली. मंजुळाबाईंनी हात आडवा केला.

“घ्या ना मावशी, केवढं उकडतंय.”

“नगं नगं. तहान न्हाई मला.”

त्यांचे ओठ फुटलेले होते. बोलताना जीभ टाळूला चिकटत होती. खुशनुमा बघत राहिली.

मुलगी गेल्यावर मंजुळाबाई तिच्याकडं वाकल्या. “पानी प्यालं की जावं लागतं. हितं जायचं कुठं? आमी दोघी आदल्या सांजपासनं पानी तोडायचो. तुज्या आईनंच शिकवलं. म्हनायची, घरी गेल्यावर पिऊ.”

“अम्मी?” खुशनुमाचा आवाज बारीक झाला. “आणि ती संडासची खोली? बाहेर चाकाच्या खुर्चीचं चित्र लावलंय, रुंद दार आहे...”

“तिला कुलूप हाय. सामान भरलंय आत. दुसरीकडं पायरी हाय आन् दार एवढुसं. एकदा तुज्या आईला दोन पोरींनी उचलून न्हेली. हसत व्हत्या पोरी. वाईट न्हवत्या गं, पर हसत व्हत्या. त्या दिसापासनं तिनं पानी सोडलं. मॅडमला सांगितलं तर म्हनल्या, नोंद घेतली.” मंजुळाबाईंनी पदरानं तोंड पुसलं. “हे कॉलेज हाय ना, हितं माज्या सासऱ्याचं वावर व्हतं. माज्याच वावरात मला मुतायला जागा न्हाई.”

हॉलमधले दिवे मंद झाले. पडद्यावर झुलेखा आली.

निळा दुपट्टा, डोळ्यांत तो जुना खट्याळपणा. डाव्या हातानं तिनं वांगं उचललं, पोराला काहीतरी सुनावलं, लोक हसले. इतके महिने तिला हेच हवं होतं, ही मान वळवण्याची ढब, हे भुवई उडवणं. मग झुलेखा टपरीपाशी आली. पोरानं कप पुढं केला. डाव्या हातानं, थरथर सावरत, तिनं तो उचलला आणि ओठांपर्यंत नेला. संगीत वाढलं. टाळ्या पडल्या.

टाळ्यांमध्ये झुलेखानं कप खाली ठेवला. कॅमेरा जवळच होता. चहा काठोकाठ तसाच होता. फक्त वरची साय ओठ लागून एका बाजूला सरकली होती.

अम्मीला चहाचं वेड होतं. समोरचा कप तिनं आयुष्यात कधी असा टाकला नव्हता. आजूबाजूला लोक अजून टाळ्या वाजवत होते आणि तो आवाज तिला मटणाच्या दुकानातल्या ओट्यावर मांस आपटल्यासारखा वाटला.

“आता झुलेखाआपांची मुलगी आपल्याशी बोलेल.”

ती माइकपाशी गेली. वर्षाली मॅडम मान तिरकी करून प्रेमानं बघत होत्या.

“माझ्या आईला चहा फार आवडायचा,” खुशनुमा म्हणाली. आवाज वर्गात असतो तसा सरळ होता. “व्हिडिओतला तो कप तिनं प्यायलेला नाही. तो भरलेलाच आहे, पुन्हा लावून बघा. इथं आली की जायला जागा नव्हती, म्हणून ती पाणी पीत नसे. मंजुळाबाईही पीत नाहीत. त्या खोलीची चावी कोणाकडे आहे?”

वर्षाली मॅडमच्या चेहऱ्यावरचं हसू तिथंच राहिलं, आवरायचं विसरून गेल्यासारखं. मागून शिपाई, रोहिदास, उठला. “माझ्याकडं हाय ताई. पर आत फ्लेक्स भरलेत.”

“काढू.”

दार उघडलं तसा कुबट भपकारा आला. गुंडाळलेले फ्लेक्स, थर्माकोलची अक्षरं, मोडक्या खुर्च्या. संडासच्या भांड्यात कुठल्याशा सत्काराचे हार कोंबलेले, कुजून काळे पडलेले, त्यावर चिलटं. भिंतीवरची आधाराची दांडी मात्र चकचकीत; कुणाचा हातच लागलेला नव्हता. खुशनुमानं ओढणी खोचली आणि हार हातानं उपसले. चिकट काळं पाणी कोपरापर्यंत ओघळलं. ती थांबली नाही. रोहिदासनं बादलीभर पाणी ओतलं.

मंजुळाबाईंची खुर्ची दारातून सहज आत गेली. दार तेवढ्यासाठीच रुंद केलेलं होतं.

“थांबा, थांबा!” वर्षाली मॅडम फोटोग्राफरला घेऊन आल्या. त्या आता सावरल्या होत्या. “हे फार महत्त्वाचं आहे. सहभागींच्या सूचनेवर तात्काळ कृती. अहवालात घेऊया. मावशी, जरा इकडं बघा.”

खुशनुमानं दार ओढून घेतलं आणि त्याला पाठ लावून उभी राहिली.

“ताई, जरा बाजूला होता का?” फोटोग्राफर म्हणाला.

ती हलली नाही.

“खुशनुमा,” वर्षाली मॅडम हळूच म्हणाल्या, “तू दुःखात आहेस, मी समजू शकते. व्हिडिओचं आपण नंतर बोलू.”

“नंतर नको. परवानगी नाही.”

“पण त्यातून किती लोकांना...”

“नाही. आणि तो व्हिडिओ मला द्या. तुमच्याकडे राहायला नको.”

मॅडम काहीतरी म्हणत राहिल्या. खुशनुमाचं लक्ष पाठीमागं होतं. आत खुर्चीचं चाक भिंतीला घासलं, दांडी करकरली, मग बराच वेळ पाण्याचा आवाज येत राहिला.

“बाय,” आतून हाक आली, “हायेस का?”

“आहे.”

“मग त्या पोरीला म्हनावं, आन आता पानी. दोन गिलास आन.”

खुशनुमानं काळे झालेले हात अंगापासून दूर धरले होते. तिनं पाण्याच्या मुलीला मानेनंच खूण केली, आणि दार उघडेपर्यंत फोटोग्राफरच्या समोरून ती सरली नाही.