हेझलफील्डचा पहिला बाक

मी एक जुना लाकडी बाक आहे, मित्रांनो, आणि माझा जन्मच चोरीचा आहे. तेव्हा अमेरिका नावाचा देश नव्हता. समुद्राच्या कडेने इंग्लंडच्या राजाच्या तेरा वसाहती होत्या. आमच्या रानातले जाडजूड पाइनचे झाड दिसले, की राजाची माणसे कुऱ्हाडीने त्याच्यावर बाणाची खूण करीत. असे झाड राजाच्या जहाजांच्या डोलकाठीसाठी राखीव असे. हेझलफील्डच्या लोकांनी तसलेच एक झाड गुपचूप पाडले, रुंद फळीवरून राजाचे झाड ओळखू येई म्हणून फळ्या अरुंद कापल्या आणि गावच्या सभाघरासाठी बाक केले. बाणाची खूण माझ्या बुडाखाली गेली. रविवारी प्रार्थनेला वर धर्मगुरू बसत आणि खाली राजाचा माल!

दर मार्चमध्ये, रस्ते चिखलात रुतलेले असताना, गाव या सभाघरात जमतो आणि आपला कारभार आपणच ठरवतो. बोलायचे ते फक्त अध्यक्षांशी. शेजाऱ्याला टोमणा मारायचा तरी तो अध्यक्षांमार्फत. आणि मत द्यायचे ते उभे राहून. मी पहिल्या रांगेत आहे आणि माझ्या टोकाला एक भक्कम हात आहे. तो धरून कोण उठले आणि कोण बसून राहिले, एवढाच इतिहास मला ठाऊक आहे. गेल्या मार्चमध्ये खुद्द मला ठेवायचे की काढायचे, यावर मतदान झाले. ते सांगतोच, पण आधी मागचे ऐका.

सतराशे शहात्तर साली सभेपुढे सवाल आला : राजापासून फुटायला गाव तयार आहे का? जो उभा राहील तो राजद्रोही, आणि राजद्रोह्याला फास. कोणी हलेना. माझ्या टोकाला नथॅनियल टेनी नावाचा शेतकरी बसला होता. अखेर माझा हात घट्ट धरून तो उठला.

"अध्यक्षमहाराज," तो म्हणाला, "या मंडळींना सांगा, मला एकट्याला लटकायची हौस नाही."

लोक हसले आणि हसता हसता उठले. मला वाटले, झाले, सारा गाव उभा राहिला. पण ते खरे नव्हते. वर गुलामांसाठीच्या माडीवर टेनीचाच गुलाम प्राइमस बसला होता. त्याला कोणी विचारले नाही. बायका तर घरी चुलीपाशी होत्या. प्राइमस पुढे लढाईवर गेला, परत आला तो स्वतंत्र होऊन, आणि त्याने स्वतःची जमीन केली. एका मार्चमध्ये तो माझ्यावर येऊन बसला. शेजारचे जरा जास्तच सरकले. पुलाचा ठराव आला तेव्हा तो माझा हात धरून उठला, आणि अध्यक्षांना त्याला मोजावेच लागले.

बायकांना त्यानंतरही सव्वाशेच्या वर वर्षे थांबावे लागले. त्यांची पहिली सभा भरली तेव्हा टेनींच्या घरातली लोव्हिना उभी राहिली. तिच्या नवऱ्याने तिचा झगा ओढला.

"अगं, बस खाली! लोक बघतायत."

"बघू देत. इतकी वर्षं आम्हीच तर बघत बसलो होतो."

नंतरच्या काळात माझे कौतुक आटले. लोक मोटारीने येऊ लागले, कमी येऊ लागले. माझ्यावर रंगाचे थर चढले आणि खाली पोरांनी च्युइंगम चिकटवले.

आणि मग आला गेल्या वर्षीचा मार्च. गावच्या कारभारी मंडळातल्या ग्रॅहम पाइकने ठराव मांडला : बाक काढावेत, घडीच्या खुर्च्या आणाव्यात. माणूस वाईट नव्हता. बाकांनी लोकांची पाठ धरते, हे त्याचे म्हणणे खरेच होते. नमुन्याची एक खुर्चीही त्याने आणली होती. माझ्या टोकाला लोव्हिनाची नात लोइस बसली होती. वय अठ्ठ्याऐंशी, गुडघे गेलेले, जीभ शाबूत. माझा हात नसेल तर तिला उठता येत नाही, हे तिला आणि मला दोघांनाच माहीत होते. मी मनातून पार घाबरलो होतो.

"अध्यक्षबाई," ती बसूनच म्हणाली, "ग्रॅहमला विचारा, त्या खुर्चीतून म्हातारीनं उठायचं कसं?"

अध्यक्ष नदीन बोलदुक म्हणाल्या, "ऐकलंत ना ग्रॅहम?"

"अध्यक्षबाई, लोइसबाईंना सांगा, त्यांनी बसूनच हात वर करावा. कोण नाही म्हणतंय?"

"अध्यक्षबाई, त्याला सांगा, आमच्या घरात बसून मत द्यायची पद्धत नाही. आण रे ती खुर्ची... म्हणजे, आणायला सांगा."

ती खुर्चीत जाऊन बसली. मतदान पुकारले गेले. ठरावाच्या बाजूचे पुष्कळ जण उभे राहिले, मोजून झाले, बसले. मग विरोधकांची पाळी आली. लोइसने जोर केला. खुर्ची मागे घसरली. तिने पुन्हा जोर केला, तशी खुर्ची कडकन मिटली आणि ती कलंडली. ग्रॅहमने धावत येऊन तिला सावरले.

"अध्यक्षबाई!" ती ओरडली. "याला सांगा, मला धरू नकोस म्हणावं! मला माझं मी उठायचंय."

या वेळी कोणीही हसले नाही. ग्रॅहमने तिला माझ्यापर्यंत आणले आणि तो बाजूला झाला. ती बसली. तिचा हात माझ्या हातावर आला, नथॅनियलचा आला होता तिथेच. तिने दम घेतला आणि ती उठली. एकटी.

"अध्यक्षबाई," ग्रॅहम खाली मान घालून म्हणाला, "माझ्या ठरावाला मीच दुरुस्ती सुचवतो. पहिला बाक राहू द्या."

अध्यक्षबाईंनी मोजणी थांबवली; दुरुस्ती मंजूर झाली, मग ठरावही. माझी मागची भावंडे गेली. कोणी कुणाच्या ओसरीवर आहे, कोणी सरपणात गेले. त्याचे मला वाईट वाटते. या मार्चला ग्रॅहमने रस्त्यासाठी नवे यंत्र घेण्याचा ठराव आणला, तेव्हा विरोधात सगळ्यांत आधी लोइसच उठली.

तेव्हा मित्रांनो, जुनी वस्तू टाकायची तर खुशाल टाका; सगळेच काही जपता येत नाही. पण टाकण्याआधी एकदा पाहा, तिला धरून कोणी उठत तर नाही ना?