बिनपाण्याचं माप

मी एक मापाचा मग बोलतोय. प्लॅस्टिकचा, आरपार दिसणारा, एक लिटरचा. माझ्या अंगावर लाल रेघा आहेत आणि प्रत्येक रेघेशेजारी आकडा. माझं सध्याचं काम ऐकून तुम्ही नाक मुरडाल, म्हणून आधीच सांगून टाकतो, मला केकसाठी विकत घेतलं होतं.

लॉकडाऊनमध्ये घरोघरी केक करायची हुक्की आली, तेव्हा अंकितानं मला आणलं. जुळे सोलापुरातल्या फ्लॅटमध्ये ती आणि तिचा नवरा ऋतुराज, दोघंच राहायची. मी दूध मोजलं, तेल मोजलं, मैदा मोजला. तीन केक झाले, त्यातला एक खाण्यासारखा झाला. पुढे वर्षभर मी कपाटावर धूळ खात पडलो. माणसांची हौस अशीच असते, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

२०२१च्या एप्रिलमध्ये ऋतुराजच्या वडिलांना, धोंडीरामांना, गावी वैरागात कोरोना झाला. चाळीस वर्षं घरोघरी दुधाचा रतीब घातलेला हा माणूस. अंगदुखीवर दुकानातल्या गोळ्या खात आठ दिवस अंगावरच काढले. ताप, उलट्या, पोटात पाणी ठरेना. सोलापुरात दवाखान्यात आणलं तेव्हा ऑक्सिजन पार खाली गेलेला. फुप्फुसं हळूहळू सावरली, पण लघवी जवळजवळ बंद झाली.

त्यांना घरी आणलं त्या दिवशी किडनीच्या डॉक्टर देवयानींचा फोन स्वयंपाकघरात स्पीकरवर होता, म्हणून मलाही ऐकू आलं. "कोरोना फुप्फुसांवरच थांबत नाही. ऑक्सिजन कमी पडला, अंगातलं पाणी कमी झालं, सूज आली, रक्तात बारीक गुठळ्याही होतात. त्यात त्या गोळ्या. किडन्यांनी काम सोडलंय. सध्या आठवड्यातून तीनदा डायलिसिस, म्हणजे रक्त साफ करायचं काम मशीन करेल. पण पुष्कळ जणांच्या किडन्या परत चालू होतात. लघवी वाढायला लागली की ती चांगली खूण. चोवीस तासांची साठवून रोज मोजा, रोज लिहा."

अंकितानं इकडेतिकडे बघितलं आणि मला खाली काढलं. खरं सांगतो, मला रडू यायचं बाकी होतं. कुठे केक आणि कुठे हे!

पहिल्या दिवशी दीडशे मिलिलिटर भरले. वहीतला आकडा बघून ऋतुराजचा चेहरा एवढासा झाला. धोंडीरामांनी तो कॉटवरून बघितला.

तिसऱ्या दिवशी बाथरूमचं दार लावून त्यांनी मला नळाखाली धरलं. लघवीत थोडंसंच पाणी सोडलं. दोनशे ऐंशी. चौथ्या दिवशी साडेतीनशे. मे महिन्यात आमच्या टाकीतलं पाणी कढतच असतं, त्यामुळे मी हाताला गार लागून कुणाला संशय यायची सोय नव्हती. संध्याकाळी ऋतुराज वही बघून हसला. किती दिवसांनी हसला! म्हातारा भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

माझा नुसता संताप होत होता. माझ्या अंगावर रेघा आहेत त्या खरं सांगायला, आणि माझ्याच तोंडून हा माणूस खोटं वदवत होता. आठवडाभरात आकडा पाचशेवर गेला. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, "असंच राहिलं तर सोमवारचं डायलिसिस सोडून बघू." त्याच रात्री उताणं झोपल्यावर धोंडीरामांना धाप लागली. उशीला टेकून बसले, पण कुणाला उठवलं नाही.

अंकिता मात्र डोळे उघडे ठेवून वावरणारी बाई. सकाळी तिनं सासऱ्यांच्या पायावर बोट दाबलं, तर खळगा पडला तो भरेचना. तिनं मला उचललं, गॅलरीतल्या उजेडात धरलं आणि माझ्यातला पाण्यासारखा फिका रंग बराच वेळ बघितला.

"मामा, चाळीस वर्षं रतीब घातला तुम्ही. दुधात कधी पाणी घातलं?"

धोंडीराम ताडकन उठून बसले. "एक थेंब न्हाय! कुणाची टाप हाय तसं म्हणायची!"

"आणि ह्यात?"

म्हाताऱ्यानं पायांवर पांघरूण ओढून घेतलं. "आकडा वाढला की ऋतूचं तोंड उजळतंय गं. माझ्यापायी पोरगं वाळून चाललंय. मला लई वंगाळ वाटलं."

"सोमवारचं डायलिसिस चुकलं असतं तर काय झालं असतं, माहितीय का? छातीत पाणी भरलं असतं, मामा. दीडशे तर दीडशे. खरं सांगा. आपण तिथनं वर येऊ की."

तिनं लगेच दवाखान्यात फोन करून सगळं सांगितलं. सोमवार कशाला, त्याच दिवशी डायलिसिस झालं.

त्या दिवसापासून वही धोंडीरामांनी स्वतःकडे घेतली. सकाळी मला डोळ्यांसमोर सरळ धरायचे, पूर्वी दुधाचं माप धरायचे तसं, आणि मोठ्यानं आकडा सांगायचे. एकशे साठ. एकशे चाळीस. दोनशे दहा. खाली गेला तरी आवाज तोच. मीही ठरवून टाकलं होतं, केक गेला उडत, हा माणूस उभा राहीपर्यंत माझी एक रेघ पुसली जाणार नाही.

जूनच्या शेवटी पाचशे भरले. पुढे डायलिसिस आठवड्यातून एकदाच राहिलं. ऑगस्टमध्ये एका सकाळी बाथरूममधून हाक आली, "अंकिता, साडेनऊशे! बिनपाण्याचं!" शेजारच्या फ्लॅटपर्यंत ऐकू गेलं असेल. रक्ताचे रिपोर्टही सुधारले आणि डायलिसिस थांबलं.

किडन्या पूर्वीसारख्या झाल्या नाहीत, अर्ध्याच्या वर चालतात. मीठ बेतानं, दुखण्याच्या गोळ्या बंद, तीन महिन्यांनी रक्ततपासणी. धोंडीराम वैरागला परत गेले तेव्हा मलाही पिशवीत घालून घेऊन गेले. चार वर्षं मी तिथे खुंटीला आहे. रेघा फिकट झाल्यात, कान तुटलाय.

काल त्यांचा मैंदर्गीचा दोस्त चन्नप्पा आला. गेल्या महिन्यात त्याला कोरोना होऊन गेला. पायावर सूज होती, लघवी कमी झाल्याचं त्यानं घरी कुणाला सांगितलं नव्हतं. धोंडीरामांनी त्याला हाताला धरून सोलापूरला डॉक्टर देवयानींकडे नेलं. त्यांनी मोजून लिहायला सांगितलं, तेव्हा चन्नप्पा लाजून खाली बघायला लागला.

आज मला घासून, उकळत्या पाण्यानं धुऊन कागदात गुंडाळलंय. मी मैंदर्गीला निघालो. ज्याच्या घरी माझी गरज पडेल त्यानं लाजू नये, एवढंच माझं मागणं आहे.

एसटी सुटताना धोंडीरामांनी खिडकीतून मला चन्नप्पाच्या हातात दिलं.

"घे. किती बी कमी भरू दे, मर्दा. ह्याच्यात पाणी तेवढं घालू नगंस."