सगळ्यात लांब ओळ

२००६ साली अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यासाठी मी आगीपासून बचावाचा कॉम्प्युटर-धडा बनवला. विठ्ठलवाडीच्या खोलीत बसून. कारखान्याचं गेटही न बघता! पहिल्याच स्क्रीनवर ठोकून दिलं, 'या धड्यानंतर कामगाराला आग समजेल.' समजेल म्हणजे नेमकं काय करता येईल, ते माझं मलाच ठाऊक नव्हतं. शेवटी वीस प्रश्नांची परीक्षा, दिलेल्या पर्यायांतून बरोबर ओळ दाबायची.

निकालाच्या दिवशी मॅनेजर राजेंद्र साहेब खुशीत होते. "सगळे वीसपैकी वीस! मीसुद्धा. नापास एकच, सुदाम. बावीस वर्षं बॉयलरवर आणि मार्क चार. उद्यापासून पॅकिंगला."

सुदामदादा मान खाली घालून उभे.

पॅकिंगच्या भागीरथीमावशींना मी विचारलं, "तुम्हाला वीस कसे?"

"सगळ्यात लांब ओळ दाबायची. खोटं उत्तर तू दोन शब्दांत उरकतोस, खऱ्याला शेपूट लावतोस. सगळ्यांना माहितीये."

"दादांना नाही सांगितलंत?"

"सांगितलं की! पण हा मेला वाचत बसला."

दादांचा सातवा प्रश्न काढला. विजेचं पॅनल पेटलं तर आधी काय कराल? दादांचं उत्तर, 'मेन स्विच बंद.' माझं बरोबर उत्तर, 'न घाबरता वरिष्ठांना कळवून कंपनीच्या धोरणानुसार योग्य ती कार्यवाही करेन.'

"पॅनल पेटल्यावर साहेबांना अर्ज लिहू का?" दादा म्हणाले.

लाज वाटली. साहेबांना म्हटलं, "नापास माझा धडा आहे. परीक्षा परत घेऊ, बाहेर अंगणात."

पत्र्याच्या डब्यात चिंध्या पेटवल्या. पहिले साहेब. आग विझवायचा लाल सिलिंडर उचलून दांडा दाबला. पुन्हा दाबला. हूं नाही की चूं नाही.

"साहेब, लांब ओळ शोधा!" मावशी ओरडल्या.

दादांनी सिलिंडर घेतला, पिन ओढली, नळी आगीच्या बुडाशी धरली. खेळ खलास. साहेबांच्या बुटांवर पांढरी पावडर.

साहेब बूट झटकत म्हणाले, "बरं, राहू दे बॉयलरवर. पण कॉम्प्युटरवर चारच दिसतायत. हेड ऑफिसला काय पाठवू?"

दादा आत गेले, खुर्चीत बसले आणि एक अक्षर न वाचता वीस लांब ओळी दाबून आले. वीसपैकी वीस.

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "काय सर, आता समजली ना मला आग?"