पाव फेरा

डॉक्टरांनी खिशातून स्टीलची छोटी पट्टी काढली, पोपटरावांच्या नडगीभोवतीच्या दोन कड्यांच्या मध्ये धरली आणि वाकून आकडा वाचला. मग पट्टी दुसऱ्या बाजूने धरून पुन्हा वाचला.

"बावीस दिवस झाले. बावीस मिलिमीटर सरकायला हवं होतं," ते पोपटरावांच्या मुलीला, आम्रपालीला म्हणाले. "इथं अकरा आहेत. बाकीचे अकरा घरी विसरलात का?"

"रोज चार वेळा फिरवतोय, डॉक्टर. सहा, बारा, सहा आणि दहा. एकदाही चुकलेलं नाही." तिने पिशवीतून वही काढली. प्रत्येक चौकोनात बरोबरची खूण होती.

"वहीला हाड नसतं."

त्यांनी एक्स-रे दिव्यासमोर लावला. मार्चमध्ये मोडलेलं हाड नऊ महिन्यांत जुळलं नव्हतं. आधी सळई घातली, मग प्लेट. शेवटी हाडाची मेलेली टोकं कापून काढावी लागली आणि मधे चार सेंटिमीटरची फट राहिली. म्हणून आता वरच्या बाजूला चांगलं हाड मुद्दाम कापलं होतं. तो तुकडा दिवसाला एक मिलिमीटर या चालीने खाली सरकवत न्यायचा, मागे नवं हाड धरत जाईल, पुढची फट बुजेल. त्यासाठी ही कडी, या आरपार तारा आणि हे नट. दर वेळी पाव फेरा.

"काका, तंबाखू वगैरे?"

"कधीच नाही," पोपटराव म्हणाले. ते छताकडे बघत होते.

डॉक्टरांनी पट्टी खिशात ठेवली. आता बोलताना त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. "ताई, नीट ऐका. हे इतकं हळू सरकत राहिलं तर मागचं नवं हाड मधेच घट्ट होऊन बसेल. मग तुकडा पुढे जाणार नाही. आणि यानंतर पाय वाचवायचा उपाय माझ्याकडे उरलेला नाही. दहा दिवसांनी या."

नारायण पेठेतून वाघोलीला जायला कॅब केली. मागच्या सीटवर पोपटराव आडवे बसले, पाय उशीवर. आम्रपाली पुढे. खराडी मागे पडली तसे त्यांनी डोळे मिटले. नेहमीच मिटत. दुभाजकाच्या ज्या कठड्यापाशी अपघातानंतर त्यांची स्कूटर सापडली होती, तो आता पिवळा-काळा रंगवला होता. आम्रपालीनेही तिकडे पाहिलं नाही. मोबाइलवर ती हिशेब करत होती.

दुपारी बाराचा फेरा स्वयंपाकाला येणाऱ्या कांताबाई द्यायच्या. आम्रपाली तेव्हा ऑफिसात असे आणि रविवारी विहारात. कांताबाई विसरत असतील, हे तिच्या मनात आधी आलं होतं. पण चारातला एक फेरा रोज बुडाला, तर बावीस दिवसांत साडेसोळा मिलिमीटर व्हायला हवेत. तिने दोनदा करून पाहिलं. अकरा होत नव्हते. दिवसाला दोनच फेरे धरले, की अकरा व्हायचे. तिने स्वतःच्या हातांनी तीन दिले होते.

म्हणजे फेरा बुडत नव्हता. दिलेला एक परत जात होता.

घरी पोचले तेव्हा बाराला दहा मिनिटं कमी होती. कांताबाई कणीक मळत होत्या.

"काय म्हनले डॉक्टर?"

"कमी सरकलंय."

"अगं बाई! एवढं टायमावर करतोय तरी?"

पोपटराव पलंगावर टेकले. आम्रपालीने त्यांच्या पायाखाली उशी दिली, वही स्टुलावर ठेवली.

"कांताबाई, आजचा फेरा माझ्यासमोर द्या."

कांताबाईंनी हात साबणाने धुतले, स्वच्छ नॅपकिनला पुसले, ताटलीतला पाना उचलला. डाव्या हाताने. पाना नटावर अगदी हलक्याने बसवला, जीभ दातांत धरली आणि डावीकडे फिरवायला लागल्या.

"थांबा."

"काय झालं?"

"हे उलटं आहे."

"उलटंच की! मी डावरी हाय ना." कांताबाई हसल्या.

"मी पहिल्या दिवशी दाखवलं होतं तुम्हाला."

"तुमी दाखवलं ते उजव्या हाताचं. तुमी हापिसात गेल्यावर दादांनी समजावून सांगितलं. ताई उजव्या हातानं उजवीकडं फिरवती, तुमचा हात डावा, तुमी डावीकडं फिरवायचं. चौतीस वर्सं कारखान्यात फिटर होते दादा. मी का त्यांना शिकवू?"

पोपटरावांनी चादरीची एक घडी नीट केली. मग तीच घडी पुन्हा.

आम्रपाली आठ वर्षांची असताना विश्रांतवाडीच्या चाळीपुढे तिची सायकल उलटी करून ठेवलेली असे. कोणत्या हाताने आवळू, बाबा, असं तिने विचारलं होतं. ते म्हणाले होते, नटाला हात कळत नाही, आमू. बाजू कळते.

"माझं काय चुकलं का, ताई?"

"नाही. तुमचं काही चुकलं नाही. तुम्ही पोळ्या करा."

कांताबाईंनी पाना ताटलीत ठेवला आणि एकदा दादांकडे, एकदा ताईंकडे बघून त्या आत गेल्या. आम्रपाली स्टूल ओढून बसली. समोरच्या फळीवर बुद्धमूर्तीशेजारी आईचा फोटो होता. फोटोवरचा हार तिनेच बदलायचा, कारण बाबांचा हात तिथवर पोचत नव्हता. आई गेल्यावरच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी ते हॉस्पिटलात होते. त्या अपघातात सरोजिनी गेली, हे त्यांना तिसऱ्या दिवशी सांगितलं होतं.

"बाबा."

ते पायातल्या तारांकडे बघत म्हणाले, "ती म्हणाली होती, रिक्षा करू."

हे त्यांनी नऊ महिन्यांत कुणालाच सांगितलं नव्हतं.

"मी म्हटलं, दहा मिनिटांचा तर रस्ता. कशाला रिक्षा."

आतून पोळपाटावर लाटणं फिरल्याचा आवाज आला.

"चालायला लागलो, की लोक म्हणतील पोपटराव बरे झाले," ते म्हणाले. "तूही म्हणशील."

आम्रपालीने ताटलीतून पाना उचलला आणि दांडा त्यांच्याकडे करून पुढे धरला.

"तुम्हीच फिरवा. मी बघत नाही."

सायकलचा शेवटचा नट ते तिला असाच द्यायचे. मी बघत नाही, तू आवळ, असं म्हणून भिंतीकडे तोंड करायचे. ती फोटोकडे वळून बसली. हाराच्या खाली आईची टिकली थोडी तिरकी दिसत होती, नेहमीसारखी. मागे पलंग करकरला. लोखंडावर लोखंड बसल्याचा बारीक आवाज झाला. मग काहीच नाही. मग पुन्हा, लांबट.

तिने वळून पाहिलं. पाना उजवीकडे गेला होता. पुरता पाव फेरा.

तिने श्वास सोडला, वही ओढली, बाराच्या चौकोनात बरोबरची खूण केली. पेन्सिल खाली ठेवून मान वर केली, तर पाना अजून त्याच नटावर होता आणि फिरत होता.

"बास, बाबा. पाव झाला."

"अकरा मागे आहेत." पोपटरावांचा आवाज कारखान्यात पाळीवर असल्यासारखा होता, सपाट आणि कामाचा. कपाळावर घाम आला होता, तो त्यांनी पुसला नाही. "काम अर्धं टाकून मी कधी गेटबाहेर पडलो नाही."

तारेभोवतीची कातडी ताणून पांढरी पडत चालली होती. अर्धा फेरा झाला.

आम्रपालीने दोन्ही हातांनी त्यांचं मनगट धरलं. चौतीस वर्षं नट आवळलेलं मनगट होतं ते, तिच्या दोन हातांना आवरेना.