निळं औषध

मावशीने उमेदीची कितीतरी वर्षं एका कडूपणाच्या मागे घालवली होती. क्विनीन हे हिवतापावरचं जुनं, खात्रीचं औषध. त्याच्या रेणूत क्विनोलीनची एकमेकांना चिकटलेली दोन कडी असतात, आणि चव अशी की भल्याभल्यांनी कानाला खडा लावावा. मावशीने प्रयोगशाळेत त्या रेणूला एक शेपूट जोडलं. मग ते थुंकीत विरघळेना. जे विरघळतच नाही त्याची चव जिभेला कळणार कशी? पुढे पोटातल्या आम्लात विरघळून ते मुकाट कामाला लागायचं. सगळ्या चाचण्या पार करून ती पांढरी पूड मुलांच्या वॉर्डात आली, तेव्हा मावशीचे पाय जमिनीवर नव्हते.

आणि आता तिचीच भाची तिथे पडून ते औषध ओकत होती.

एरवी पाय ठरत नसे म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. तापाने पोरीची पार रया गेली होती. दुपारचा डोसही पोटात राहिला नाही तर शिरेत सुई घालावी लागेल, असं डॉक्टरीणबाई बजावून गेल्या होत्या. भिंगरी सुईला जाम घाबरायची.

"कडू आहे," ती पुटपुटली.

"काहीतरीच! मी स्वतः चाखलंय. खडूसारखं लागतं. नाटकं पुरे."

"आणि निळं आहे."

मावशीने भिंगरीच्या आईकडे, ताईकडे पाहिलं. पांढरंशुभ्र औषध निळं दिसतंय म्हणजे ताप डोक्यात गेला की काय?

तिने खिडकीतला उष्टा पेला उचलला. पुडीचा मागमूस नव्हता, सगळी विरघळली होती. पाणी नितळ होतं आणि उन्हाच्या बाजूला, अगदी कडेशी, फिकट निळा उजेड दिसत होता. क्विनीन आम्लात विरघळलं की उन्हात असंच चमकतं. प्रयोगशाळेत नव्याने येणाऱ्यांना ही गंमत तीच हौसेने दाखवायची.

"ताई, यात काय घातलंस?"

"तूच म्हणालीस ना, तिच्या आवडीच्या कशात तरी कालवून दे म्हणून? लिंबूपाण्यात दिलं."

मावशीने कपाळावर हात मारून घेतला. पोटात व्हायचं ते काम लिंबाने पेल्यातच उरकलं होतं. पोरगी अक्षरन्अक्षर खरं सांगत होती आणि मावशी तिलाच खोटं पाडत होती. तिला स्वतःची लाज वाटली.

नवी पुडी तिने नुसत्या साखरपाण्यात ढवळली. भिंगरीने पेला आधी उन्हात धरायला लावला.

"निळं नाही," ती म्हणाली आणि गटकन प्यायली.

बराच वेळ गेला, पण ओकारी आली नाही.

"आता ते तू पी," भिंगरीने जुन्या पेल्याकडे बोट दाखवलं.

मावशीने निमूटपणे मोठा घोट घेतला. डोळ्यांत पाणी आलं, तोंड वेडंवाकडं झालं, थुंकायला ती बेसिन शोधू लागली. इतक्या दिवसांत भिंगरी पहिल्यांदाच खुदकन हसली.

"गिळ," ती म्हणाली. "नाटकं पुरे."